पुढचा प्रश्न

कार्ले,
रविवार, दुपार

प्रिय चैताली,

पाकीट हातात आलं की तू आधी मागची बाजू बघशील. मागे नाव लिहिलेलं नाही. अक्षरावरून ओळखशील. कॉलेजात तू म्हणायचीस, सवीचा 'च' बाकावर रेलून बसल्यासारखा दिसतो. तो अजून तसाच बसतो. पत्ता तू मागे पाठवलेल्या पुस्तकाच्या वेष्टणावरून घेतला. मधल्या काळात घर बदललं असशील तर हे पत्र परत येईल आणि मला दुसरी वाट शोधावी लागेल. तुझा फोन नंबर माझ्याकडे आहे. तरी पत्र का, ते शेवटी सांगते. आधी इकडचं ऐक.

भात निघालं. तुमचं आणि आमचं शेत अजून एकाच बांधाला आहे. तुमचं आता वाट्याने दिलेलं असतं, पण कापणीच्या दिवशी तुझी आई बांधावर येऊन बसली होती. मावशीने विळा हातात घेतला नाही. इंद्रायणी भाताचा वास यंदाही हायवेपर्यंत गेला. तो वास आला की मला तू आठवतेस. लावणीच्या दिवसांत तुला चहाची किटली घेऊन पाठवायचे आणि तू चिखलात उतरायचा कंटाळा करून बांधावरूनच ओरडायचीस, 'आईऽऽ'. तिकडून, चार खाचरं ओलांडून, 'आलेऽऽ' यायचं. आमच्या घरी म्हणायचे, सरूबाईच्या पोरीला पोस्टमन नको न् फोन नको. मळवली स्टेशनच्या टोकाला आपण पाठांतर करायचो तेव्हा स्टेशनमास्तर केबिनमधून बाहेर आले होते, आठवतं? आपल्याला वाटलं, आता हाकलणार. ते म्हणाले, पोरी, तुला अनाउन्समेंटला बसवतो, तुझ्या धाकाने तरी गाड्या वेळेवर येतील. पौर्णिमेला विहारात वंदना तू सांगायचीस आणि मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ऐकायचे. आत यायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण तिथूनही सगळं स्पष्ट ऐकू यायचं.

आणि आठवीचं वर्ष. मावशी मोठ्या आजारात होती. त्या आजाराचं नाव गावात कुणी घेत नव्हतं, आपणही घेतलं नाही. तिचं अंथरूण मागच्या खोलीत होतं. तिची ताटली वेगळी, तांब्या वेगळा. तुला आत जायला मनाई. शाळेतून आलं की तू त्या निळ्या दाराबाहेर पोतं टाकून बसायचीस आणि मराठीच्या पुस्तकातला धडा मोठ्याने वाचायचीस. दार लावलेलं असायचं. आतून मावशी ताटली वाजवायची. एकदा वाजवली की पुढे वाच. दोनदा वाजवली की बास. मी कितीदा तरी तुझ्याशेजारी बसले होते. दोनदा वाजलेली मी एकदाही ऐकली नाही. तुझा घसा बसायचा तेव्हाच धडा संपायचा.

मी लोणावळ्याच्या एका दवाखान्यात लागले आहे, हे तुला माहीत नसेल. शाळेतली ग्रंथालयाची जागा गेली, मग हे मिळालं. ओपीडीत मदतनीस. काम साधं आहे. केसपेपर काढायचा, वजन घ्यायचं, नंबराप्रमाणे आत सोडायचं, आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून पाटी द्यायची. पाटी म्हणजे टॅबलेट. हे नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण पेशंट ते शिपाई सगळे पाटीच म्हणतात. डॉक्टरांकडे जाण्याआधी पेशंटने तिच्यावर प्रश्नांची उत्तरं द्यायची. किती दुखतं, सकाळी हातपाय किती वेळ आखडलेले राहतात, भाकरी थापता येते का, केस विंचरता येतात का, उकिडवं बसता येतं का. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत चित्रांची ओळ असते, त्यातल्या एकावर बोट टेकवायचं. उत्तरं लगेच आत डॉक्टरांच्या पडद्यावर जातात. तिथे त्यांची एक रेघ होते. मागच्या खेपेपेक्षा वर, किंवा खाली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हेडफोन. मग प्रश्न कानात ऐकू येतात. पाट्या आल्या तेव्हा आम्हाला आधी स्वतः सगळं करून बघायला सांगितलं. मी हेडफोन लावला आणि तू बोललीस.

तू म्हणालीस, 'नमस्कार. आज तुम्हाला कसं वाटतंय?' मी उठून उभी राहिले. समोरच्या सिस्टर म्हणाल्या, काय झालं, शॉक लागला का? मी नाही म्हटलं. तू बंगळुरूच्या कुठल्या तरी स्टुडिओत दिवसभर बसून हे वाचलं असशील. ते कुठल्या गावच्या कुठल्या बाकावर वाजणार, हे तुला कुणी सांगितलं नसेल. स्वल्पविराम आला की तू अजून थांबतेस. वक्तृत्वाच्या सरांनी सांगितलं होतं, स्वल्पविराम म्हणजे श्वास, तो चोरायचा नाही. तू चोरत नाहीस. त्या दिवशी मी सगळे प्रश्न संपेपर्यंत ऐकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतरही कधी ओपीडी आटपल्यावर पाट्या पुसून ठेवताना मी हेडफोन लावते. तू विचारतेस. मी म्हणते, बरं आहे.

गेल्या दिवाळीनंतर मावशी आली. बोटांच्या सांध्यांना सूज होती, बांगड्या मागे ढकलून चिंधी बांधली होती. एकटीच आली होती, टमटमने. तिला पाटी द्यायची वेळ आली तेव्हा मी थोडी घुटमळले. आधी सांगावं असं वाटलं. पण काय सांगणार, आणि तुझं नाव तिच्यापुढे काढायची मला सवय राहिली नव्हती. गावात कुणालाच राहिली नव्हती. तुझे वडील गेले त्या दिवशी अंगणात जे झालं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. ते तुला मी परत सांगायची गरज नाही, पण माझ्या बाजूने कसं दिसलं तेवढं सांगते. आबांचा आजार महिनाभर चालला. तू रोज फोन करायचीस. मावशी फोन घेऊन ओट्यावर यायची आणि म्हणायची, 'बरं हायेत. आत्ताच निजलेत.' मी एकदा म्हटलं, मावशी, सांगा ना तिला. ती म्हणाली, 'नवी नोकरी हाय तिची. माझ्या सांगण्यानं त्ये उठून बसनारेत का?' आबांना तू खरोखर निजलेलेच पाहिलं होतंस आयुष्यभर. देहूरोडच्या डेपोतून सुटले की गाडीत बसायचे, बेगडेवाडी यायच्या आत झोपायचे आणि मळवलीला कुणी न उठवता उठायचे. त्यामुळे तुला ते खरं वाटलं असेल. तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपून अंगणातली माणसं उठत होती. तू एवढंच म्हणालीस, 'मी रोज विचारत होते. आता तुला कधीच काही विचारणार नाही.' ती म्हणाली, 'नको इचारू.' तुम्ही दोघींनी शब्द पाळला. तुमच्या घरात शब्द पाळायची खोडच आहे.

तर मी तिला विचारलं, मावशी, वाचताय की ऐकताय? ती म्हणाली, 'ऐकते. डोळं गेलं.' मी हेडफोन लावून दिला. तिने ऐकलं. हेडफोन काढला. पाटी उलटी करून मागे बघितलं. पुन्हा सुलटी केली, पुन्हा हेडफोन लावला, आणि तोंडातून अवाक्षर न काढता प्रत्येक प्रश्नाला हसरा चेहरा दाबत गेली. आपल्याकडची माणसं अशीच. अंगात ताप असो, पाय मोडलेला असो, कसं काय विचारलं की आधी 'बरं हाय'. तो नमस्कार असतो, उत्तर नसतं. डॉक्टर तो ऐकून घेतात आणि मग पुन्हा विचारतात. पाटीला ते कळत नाही. सगळीकडे हसरं दाबलं की तिचं काम लवकर संपतं. ती धन्यवाद म्हणते आणि गप्प होते. मावशी हेडफोन लावून तशीच बसून राहिली. मग म्हणाली, 'सवे, हिचं बोलनं संपलं?' मी म्हटलं, हो. 'पुन्यांदा लाव की.' मी म्हटलं, एका खेपेला एकदाच लागतं, मावशी. तिने पदराने पाटीची काच पुसली आणि माझ्या हातात दिली.

सांध्यांच्या ओपीडीला शुभदा मॅडम असतात. पुण्याहून गुरुवारी येतात. शांत बाई आहेत. त्यांनी मावशीची बोटं हातात घेऊन बघितली, पडद्याकडे बघितलं आणि रागावल्या. बोटं सुजून टम्म झालीत आणि इथे सगळीकडे हसता काय? असं चालायचं नाही, मावशी. दुखतंय तर दुखतंय म्हणायचं. गोळ्या दिल्या, महिन्याने बोलावलं. त्या खेपेला मावशी माझ्याही आधी येऊन दारात बसली होती. हेडफोन लावला, आणि दुखण्याच्या प्रश्नाला तिने पहिल्यांदा मधलं तोंड दाबलं. ना हसरं, ना रडकं. पाटीचं असं आहे की दुखत नाही म्हटलं की ती पुढे जाते. दुखतं म्हटलं की थांबते आणि आणखी विचारते. कुठे दुखतं? झोप लागते का? मध्येच जाग येते का? पाणी कोण भरतं? मदतीला घरात कुणी आहे का? मावशी ऐकत राहिली. तिचा चेहरा मी बघत होते. बांधावर ती अशी उभी राहायची, हाक कुठून आली ते बघत.

पुढच्या खेपांना ती बोलायला लागली. पाटीशी. हेडफोन लावलेला माणूस मोठ्याने बोलतो, त्याला कळत नाही. सगळ्या बाकाला ऐकू जायचं. 'भाकरी व्हय? तुला ठावं न्हाई व्हय माझी भाकरी? तीन बोटांवर थापते आता. गोल होती, काय न्हाई.' मग चित्र दाबायची. 'केस कोन इंचरनार? राह्यलेत किती!' ताकवे-कामशेतकडचे धोंडिबा म्हणून एक म्हातारे गुडघ्यासाठी येतात, ते एकदा म्हणाले, मावशी, कुनासंगं भांडताय एवढं? ती म्हणाली, 'तुमी तुमची पाटी बगा.' ते म्हणाले, आमची पाटी तर आमाला एक शबूद बोलू देत न्हाई, तुमची बरी ऐकून घेती. सगळे हसले. तीही हसली. बऱ्याच दिवसांनी बघितलं मी ते. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाली, 'सवे, मला तुमी म्हनती गं ती. लय मानानं इचारती.' मी म्हटलं, सगळ्यांनाच म्हणते, मावशी. 'व्हय, पन बाकीची कुठं तिची आई हायेत?'

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, आवाज ऐकते, तिला बरं वाटतं, यात वाईट काय. आम्हाला सांगितलेलंही होतं की पेशंटचं उत्तर पेशंटचं असतं, सुचवायचं नाही, खोडायचं नाही, वाकून बघायचं नाही. मी वाकून बघत नव्हते. आत मॅडमच्या पडद्यावर मात्र रेघ वर वर चालली होती. त्यांनी गोळ्या वाढवल्या. पुन्हा रेघ वर. पुन्हा वाढवल्या. त्या गोळ्यांनी मावशीचा चेहरा भरला. गाल वर आले, मान जाड झाली. तुमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सरूबाई लेकीकडं जाऊन आली वाटतं, अंगानं सुधारली. मावशीने त्यांना नाही म्हटलं नाही. साखर वाढली. आठवड्यातून एकदाची गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी अन्न पोटात ठरेना. आणि सूज तर उतरली होती. मॅडम बोट न् बोट दाबून बघायच्या. सांधे शांत. रक्ताचा रिपोर्ट चांगला. मावशी म्हणणार, 'लय दुखतंय.' एकदा मॅडम मला म्हणाल्या, सविता, हिशेब लागत नाही, पण दुखणं त्यांचं आहे, मी कोण खोटं म्हणणारी? शेवटी त्या म्हणाल्या, मावशी, आता सुया सुरू करू. भारी औषध आहे, पण उपयोग होईल. मावशीने एकच गोष्ट विचारली. 'सुईवाल्या मानसांना किती दिसांनी बोलवता?' मी सांगितलं, सुरुवातीला दर आठवड्याला. 'दर खेपंला पाटी?' दर खेपेला. 'मंग टोचा.'

त्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. सहलीच्या गाड्यांची रांग लागली होती, एसटी काही येत नव्हती. ती कठड्यावर बसली आणि पिशवीतून मोसंबं काढून सोलायला लागली. चैताली, ती झरझर सोलत होती. दोन्ही हातांनी. साल एकसंध निघाली. मी तिच्या हातांकडे बघत होते हे तिने बघितलं. म्हणाली, 'बगतीस काय? दुखत न्हाई. कवाच राह्यलं.' मी विचारलं, मग पाटीवर? तिने फोड माझ्या हातावर ठेवली. 'दुखतंय म्हनलं की ती जास्त इचारती. बरं हाय म्हनलं की जाती.' मग म्हणाली, 'फोनवर बी असंच झालतं. मी बरं हाय म्हनत ऱ्हायले, ती गेली.' एसटी आली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, 'तिला फोन करशील तर माझं तोंड बगू नको. सांगून ठेवते.'

आता राहिलेलं सांगते. ते सांगायला मला इतकी पानं लागली. सुई सुरू करण्याआधी पाटीवर वेगळे प्रश्न असतात. ते औषध घेतलं की अंगात कुठे जुना टीबी दबून बसलेला असेल तर तो उठतो. म्हणून तू त्यात विचारतेस, 'तुम्हाला पूर्वी कधी क्षयरोग झाला होता का?' तू ते इतरांपेक्षा सावकाश वाचलं आहेस. मी तेव्हा मावशीच्या शेजारीच होते, हेडफोनची वायर सोडवत. तिने 'नाही' दाबलं. मी नियम मोडला. म्हटलं, मावशी, हे काय? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. म्हणाली, 'तिलाच ठावं हाय की. दाराबाहीर कोन बसलं व्हतं? ठावं असून इचारती, मंजी तिला त्ये ऐकायला नगं असंल.' तिच्या लेखी ते डॉक्टरांना दिलेलं उत्तर नव्हतंच. पुढे तपासण्या होत्या, एक्स-रे होता, त्यात कळलंही असतं. तोवर गप्प बसणं मला जमलं नाही. मी आत गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. आठवीचं वर्ष, ताटली, मोसंबं, तू. मग त्यांनी सुई रद्द केली, गोळ्या उतरवत नेण्याचा कागद लिहिला आणि मावशीला म्हणाल्या, यापुढे पाटी नको, मी स्वतः विचारीन. चांगल्या मनाने म्हणाल्या. मावशी बाहेर आली. माझ्यासमोर थांबली. म्हणाली, 'माझ्या लेकीचं तोंड बंद केलंस तू.' आणि गेली. मी केलं ते चुकलं असं मला वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण ते वाक्य मी कुठे ठेवू, मला कळत नाही.

तेव्हापासून ती दवाखान्यात आलेली नाही. दोन खेपा चुकल्या. काल कापणीनंतरचे नवे तांदूळ घेऊन मी तुमच्याकडे गेले. तिने मागच्या खोलीचं तेच निळं दार अर्धं उघडलं, आत ये म्हणाली नाही. उजवा हात पदराखाली होता. मी तांदूळ पुढे केले तेव्हा तिने डाव्या हाताने घेतले, आणि पिशवी खाली पडली, आणि ती उचलायला उजवा हात बाहेर आला. चैताली, बोटं पुन्हा सुजली आहेत. या वेळचं दुखणं खरं आहे. दाराच्या फटीतून खिडकीतल्या गोळ्यांच्या पट्ट्या दिसल्या, न फोडलेल्या. मॅडमनी हळूहळू उतरवायला सांगितलेलं तिने एका दिवसात सोडून दिलं आहे. मॅडमनी रात्री फोनवर सांगितलं, हे असं अचानक सोडणं धोक्याचं आहे, या दिवसांत माणूस कधीही कोसळू शकतो, घरच्या कुणाला तरी कळवा. त्या वेळी मी दारात उभी राहून विचारलं, मावशी, दुखतंय का? ती म्हणाली, 'बरं हाय.' दार लावून घेतलं. मी तुला फोन केलेला नाही, हे लक्षात ठेव. पत्राबद्दल ती काही बोलली नव्हती. ते उद्या सकाळीच स्पीड पोस्टने टाकते. येता आलं तर ये, गुरुवारच्या आत, मी मॅडमकडे नंबर लावून ठेवला आहे. पोचायला वेळ लागणार असेल तर आधी फोन कर. तू शब्द दिला होतास की तिला कधी काही विचारणार नाहीस. तो तू वर्षभर मोडते आहेस, तिच्या दर खेपेला, लोणावळ्याच्या बाकावर, आणि तुला ते माहीतही नव्हतं. एकदा माहीत असताना मोड. कसं वाटतंय म्हणून विचार. ती 'बरं हाय' म्हणेल. तिथे फोन ठेवू नकोस. पुढचा प्रश्न विचार.

तुझीच,
सवी